कुरकुरीत भाजीचं गणित पाण्याचं असतं

एअर फ्रायरमध्ये केलेल्या भाजीबद्दलची तक्रार बहुतेक घरांत सारखीच ऐकू येते. भेंडी मऊ पडली, फ्लॉवर वाफवल्यासारखा झाला, बटाट्याच्या कडा करपल्या पण मधला भाग फिकटच राहिला. मग तापमान वाढवून पाहिलं जातं, वेळ वाढवली जाते, आणि तरीही जमलं नाही की दोष यंत्राला दिला जातो. खरी अडचण बहुतेक वेळा तापमानात नसते आणि वेळेतही नसते. ती असते पाण्यात. भाजी कुरकुरीत होते ती तिच्या पृष्ठभागावरचं आणि पृष्ठभागाखालच्या पातळ थरातलं पाणी निघून गेल्यावर. एअर फ्रायर हे पाणी घालवणारं यंत्र आहे, असं धरून चाललं तर पाककृतींतल्या बहुतेक सूचनांमागचं कारण आपोआप कळतं आणि कुठली सूचना निरर्थक आहे तेही कळतं.

यंत्राची रचना साधी आहे. वर विजेची तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा आणि खाली जाळीची बास्केट. पंखा तापलेली हवा एवढ्याशा बंदिस्त जागेत वेगाने फिरवत राहतो. गरम हवा पंख्याने फिरवून अन्न शिजवायची कल्पना नवी नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानात गोठवलेली जेवणं गरम करण्यासाठी असा छोटा पंख्याचा ओव्हन बनवला होता. आज घरोघरी दिसणारं रूप फ्रेड व्हॅन डर वाइ या डच संशोधकाच्या कामातून आलं. फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ते लोकांपुढे मांडलं. मोठ्या कन्व्हेक्शन ओव्हनहून यात वेगळं काय, तर जागा लहान, त्यामुळे हवा लवकर तापते आणि पदार्थाच्या अगदी जवळून जोरात वाहते. तळणं यात कुठेच होत नाही, होतं ते भाजणं. म्हणून कढईतल्या तळणाचे नियम इथे लावले की फसगत होते.

आता पाण्याचं गणित. भेंडीत साधारण ९० टक्के पाणी असतं, फ्लॉवर आणि वांग्यात त्याहून थोडं जास्त, बटाट्यात ७९ टक्क्यांच्या आसपास. एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७५ लहान कॅलरी लागतात, पण त्याच १०० अंशांच्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात, म्हणजे सातपटीहून जास्त. यंत्राची बहुतेक ताकद भाजी तापवण्यात खर्च होत नाही, ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. आणि पृष्ठभाग ओला आहे तोवर, आतली हवा २०० अंशांची असली तरी भाजीची कातडी १०० अंशांच्या वर चढत नाही. खरपूस रंग आणि वास देणारी प्रक्रिया मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातल्या या प्रक्रियेचं वर्णन लुई कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं, आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. ओल्या भाजीत ही प्रक्रिया पृष्ठभागावर सुरूच होऊ शकत नाही. आधी कोरडेपणा, मग खरपूसपणा, हा क्रम कुठल्याही बटणाने उलटवता येत नाही. पंख्याचं काम इथेच कळतं. भाजीला चिकटून दमट हवेचा एक पातळ थर असतो, आणि तो बाजूला सारला गेला की आतलं पाणी बाहेर यायला वाट मिळते. दोरीवरचे कपडे नुसत्या उन्हापेक्षा वाऱ्यावर लवकर वाळतात, तसंच हे.

भेंडी घेऊन हे जवळून पाहता येतं. पाव किलो भेंडी धुऊन तशीच चिरली तर तिच्यावर दोन टेबलस्पून पाणी सहज राहतं. १५०० वॉटच्या यंत्राची सगळी उष्णता फक्त या पाण्यावर लागली तरी ते उडवायला जवळपास ५० सेकंद लागतील. प्रत्यक्षात उष्णतेचा थोडाच भाग भाजीपर्यंत पोचतो, म्हणून यात काही मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ भेंडी स्वतःच्याच वाफेत शिजून मऊ होते. शिवाय चिरल्यावर पाणी लागलं की चिकटपणा सुटतो आणि फोडी एकमेकींना धरून बसतात. म्हणून अख्खी भेंडी धुवायची, सुती फडक्याने पुसायची, जमल्यास पंख्याखाली पसरून ठेवायची, आणि मगच उभे चार काप करायचे. बिया काढून टाकल्या तर आणखी बरं, कारण कापांना दोन्ही बाजूंनी हवा लागते. त्यावर एक चमचा तेल चोळायचं, मग तिखट, हळद, धणेपूड, दोन चमचे बेसन आणि एक चमचा तांदळाचं पीठ. मीठ अगदी शेवटी, यंत्रात घालण्याच्या क्षणी. मीठ लावून भेंडी दहा मिनिटं ठेवली तर मीठ आतलं पाणी बाहेर ओढतं आणि पुसण्याची सगळी मेहनत वाया जाते. १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, मध्ये दोनदा बास्केट हलवायची. झाली की नाही हे घड्याळापेक्षा कानाला आधी कळतं. बास्केट हलवताना सुरुवातीला जड, ओला आवाज येतो आणि शेवटी सुक्या शेंगांसारखा खुळखुळाट.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे बास्केट भरणं. चार लिटरचं भांडं म्हणजे चार लिटर भाजी, असा समज होतो. पण फोडी एकावर एक पडल्या की खालच्या फोडींची वाफ वरच्यांना ओलं ठेवते आणि हवेला फिरायला वाट राहत नाही. फोडींचा एकच थर आणि मधूनमधून जाळी दिसेल एवढी मोकळीक, हे माप मला कुठल्याही लिटरच्या आकड्यापेक्षा खात्रीचं वाटतं. फ्लॉवरचे तुरे गोल न ठेवता मधोमध चिरून एक बाजू सपाट केली तर ती बाजू छान तांबूस होते. बटाट्याचं तंत्र निराळं, कारण त्यात स्टार्च भरपूर असतो. मोठे तुकडे मीठ घातलेल्या पाण्यात पाच-सहा मिनिटं उकडून, पाणी पूर्ण निथळून भांड्यात जरा जोरात हलवले की कडा भुरभुरीत होतात. मग वाफ पूर्ण निवू द्यायची. या खडबडीत कडांवर शिजलेल्या स्टार्चची लापशी असते. ती तेलासकट वाळली की जाड, कडक पापुद्रा बनतो. कच्चा बटाटा थेट टाकून असा पापुद्रा येत नाही. सुरणाचे काप करायचे असतील तर चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात आधी उकडून घेणं सोडू नये. खाज आणणाऱ्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांसाठी नुसत्या गरम हवेवर भरवसा ठेवता येत नाही. पालेभाजीच्या वाटेला तर जाऊच नये, मेथीची सुटी पानं पंख्याच्या जोराने उडून वरच्या कॉइलला चिकटतात आणि जळतात.

यावर कोणी विचारेल की पाणी घालवणं हेच काम असेल, तर तेल हवंच कशाला? बिनतेलाचं म्हणून तर हे यंत्र घेतलं. पण तेलाचं इथलं काम वेगळं आहे. फोडीच्या पृष्ठभागावरच्या बारीक खाचा तेलाने भरतात, त्यामुळे उष्णता सगळीकडे सारखी पसरते. मसाला आणि पीठ चिकटून राहतं आणि बेसन कच्चं, पांढुरकं न राहता शिजतं. गाजर, लाल भोपळा यांतलं कॅरोटिन शरीराला मिळायलाही थोडी स्निग्धता लागते. पाव किलो भाजीला एक चमचा, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम तेल पुरतं. त्यातून ४० किलोकॅलरी मिळतात, चार माणसांत वाटल्या तर माणशी दहा. बाजारातल्या बटाटा वेफर्सच्या वजनात एक तृतीयांशाच्या आसपास तेल असतं, हे शेजारी ठेवून पाहिलं की शून्य तेलाचा हट्ट किती अनावश्यक आहे ते कळतं. हा चमचाभरही टाळला तर वाळकी, चामट भाजी मिळते, आणि ती ताटात तशीच उरते.

दुसरा आक्षेप चवीचा आहे आणि तो अर्धा बरोबर आहे. कढईतल्या कांदाभजीची चव यातून येणार नाही. गरम तेल त्याच तापमानाच्या हवेपेक्षा कित्येक पटींनी वेगाने उष्णता देतं आणि पदार्थाला सगळीकडून एकाच वेळी भिडतं. भज्याचं ओलं पीठ तेलात पडताक्षणी वरून घट्ट होतं, इथे मात्र ते घट्ट होण्याआधीच जाळीतून ओघळतं. म्हणून भजी, वडे, ओल्या पिठातले काप हे सगळं कढईलाच शोभतं आणि तिथेच करावं. पण तळणाची उणी नक्कल म्हणून या यंत्राकडे पाहिलं की ते नापास ठरणारच. आपल्याकडे भाजण्याची परंपरा तळणाइतकीच समृद्ध आहे. निखाऱ्यावरचं भरताचं वांगं, शेकोटीतला हुरडा, रायगडातली मडक्यातली पोपटी, यांची गोडी कोणी तळलेल्या पदार्थाशी ताडून पाहत नाही. भाजल्याने भाजीतली साखर एकवटते, फ्लॉवरला शेंगदाण्यासारखा वास येतो, ढोबळी मिरची गोडसर होते. ही चव स्वतःच्या जोरावर उभी राहते.

मग तव्याने काय बिघडलं, असाही प्रश्न येईल. वांग्याचे, कच्च्या केळ्याचे काप तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तव्यावर आपण करतोच, आणि चार-सहा कापांसाठी तवाच उत्तम. तापलेल्या लोखंडाचा थेट स्पर्श देतो तो खरपूसपणा हवेला देता येत नाही. फरक पडतो तो वेड्यावाकड्या आकाराच्या भाज्यांत. फ्लॉवरच्या तुऱ्याची तव्याला टेकलेली बाजू करपते आणि बाकीची कच्ची राहते. शिवाय तव्यापाशी उभं राहावं लागतं. ज्या घरात एकच माणूस पोळ्या, आमटी आणि डबे एका वेळी सांभाळतो, तिथे पंधरा मिनिटं भाजीकडे बघावं न लागणं ही मोठी सोय आहे, आणि तिला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. विजेचं म्हणाल तर १५०० वॉटचं यंत्र पंधरा मिनिटं सतत चाललं तरी ०.३७ युनिटच्या आसपास वीज घेईल, आणि थर्मोस्टॅट मधूनमधून कॉइल बंद करत असल्याने त्याहून कमीच. मात्र एवढ्या क्षमतेचं यंत्र ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावू नये, १६ अँपिअरचाच पॉइंट हवा.

आरोग्याच्या नावाखाली जे बोललं जातं, त्यात मात्र सावध राहायला हवं. तेल कमी लागतं हे खरं, पण तेवढ्याने प्रत्येक पदार्थ निर्धोक होत नाही. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पिठूळ पदार्थ १२० अंशांपुढे भाजले किंवा तळले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरलं आहे. माणसांच्या रोजच्या आहारातून नेमका किती धोका, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. ते अ‍ॅस्परजिन हे अमिनो आम्ल आणि साखर यांच्यापासून बनतं, त्यामुळे प्रश्न मुख्यतः बटाट्याचा आहे, भेंडी-फ्लॉवरचा कमी. एअर फ्रायरमध्येही बटाटा गडद तपकिरी होईपर्यंत ठेवला तर ते बनणारच. यावर करता येण्यासारखं बरंच आहे. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत, थंडीत त्यांतल्या स्टार्चची साखर होते. कच्चे काप १५ ते ३० मिनिटं पाण्यात भिजवून नीट पुसावेत. आणि सोनेरी रंग आला की थांबावं.

शेवटचा मुद्दा बास्केट बाहेर काढल्यानंतरचा, पावसाळ्यात तो जास्त जाणवतो. बाहेरची हवा कितीही दमट असली तरी २०० अंशांपर्यंत तापल्यावर ती कोरडीच ठरते, म्हणून भाजी होताना पावसाचा काही त्रास नाही. पण भाजी ताटात आली की दोन बाजूंनी पाणी परत येतं, बाहेरच्या दमट हवेतलं आणि फोडीच्या ओल्या गाभ्यातलं. त्यामुळे झाकण घालून ठेवलेली, डब्यात भरलेली भाजी थोड्याच वेळात मऊ होते. ती पसरट ताटात, एका थरात काढावी आणि लगेच वाढावी. लिंबू आणि कोथिंबीरही ताटावर बसल्यावरच. डब्याला द्यायची भाजी कढईतच परतलेली बरी. घरात चारहून जास्त माणसं असतील तर उंच, खोल बास्केटच्या यंत्रापेक्षा रुंद, उथळ तळाचं घ्यावं, कारण उपयोगाला येतो तो तळाचा पसारा. आणि पंख्याची सोय असलेला ओटीजी घरात आधीपासून असेल, तर नव्या यंत्रावर पैसे घालण्याआधी त्याच्याच जाळीवर एक थर फ्लॉवर भाजून पाहावा.