ओढ धरून ठेवणारी चौकट

मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत दणकट. ते मोडलं की पाय आखूड दिसायला लागतो. हाडाची लांबी कुठे जात नाही. भोवतालचे दांडगे स्नायू आकसतात, मोडलेली टोकं एकमेकांवर चढतात आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलतं. प्रत्येक हादऱ्यासरशी ती टोकं मांसात रुततात. बाहेर थेंबही न दिसता आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त जाऊ शकतं. माणूस पांढराफटक पडतो, अंग गार लागतं, घाम फुटतो. अशा वेळी पाय ताणून सरळ धरला तर दुखणं कमी होतं, टोकं रुतायची थांबतात आणि मांडीतली रक्त साचायची जागाही आक्रसते. हे काम दोन हातांना जमतं, पण काही मिनिटांपुरतं. तो ताण तसाच ठेवून माणसाला मैलोन्‌मैल न्यायचं तर चौकट लागते.

ऑर्थोपेडिक वॉर्डात ज्याला आपण ‘पायाला वजन लावलंय’ म्हणतो, ते ट्रॅक्शन. ओढ एका बाजूने कधीच चालत नाही. नुसता पाय ओढला तर अख्खा माणूस पलंगावरून खाली सरकेल. त्याला उलट ओढ हवी. वॉर्डात ती रुग्णाच्या स्वतःच्या वजनातून मिळवतात. पलंगाची पायाकडची बाजू ठोकळे किंवा विटा लावून उचलायची, म्हणजे धड डोक्याकडे घसरू पाहतं आणि कप्पीवरून सोडलेलं वजन पाय उलट दिशेने खेचतं. व्यवस्था नामी आहे, पण ती पलंगाला जखडलेली. हीच मांडामांड स्ट्रेचरवर करून गाडी हलवली, तर वजन झोके खाईल आणि प्रत्येक झोका मोडलेल्या हाडाला जाणवेल.

दुसरा मार्ग बंदिस्त ओढीचा. मांडीच्या मुळाशी एक कडं बसवायचं. ते बसायच्या हाडाला टेकतं. कड्यापासून पायाच्या दोन्ही बाजूंनी दोन लोखंडी गज खाली जातात आणि तळव्याच्या पुढे एकमेकांना मिळतात. पावलाला बांधलेली पट्टी त्या टोकाला आवळली की पाय खाली ओढला जातो आणि कडं वर रेटतं. दोन्ही ओढी चौकटीच्या आतल्या आत भागतात. वजन, कप्पी, पलंग काही लागत नाही. माणूस उचला, आगगाडीत घाला, बोटीवर चढवा, पायावरचा ताण तसाच राहतो. जगभरच्या शल्यचिकित्सकांना हे साधन ‘थॉमस स्प्लिंट’ या नावाने माहीत आहे.

ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) हा वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या हाडवैद्यांच्या घराण्यातला. वडील इव्हान थॉमस लिव्हरपूलमध्ये हाडं बसवायचे आणि शिकलेल्या डॉक्टरांचा रोष ओढवून घ्यायचे. मुलाने रीतसर वैद्यकीय शिक्षण घेतलं, पण घराण्याची हातोटी सोडली नाही. बंदराजवळच्या नेल्सन स्ट्रीटवरच्या ११ नंबरच्या घरात त्याचा दवाखाना होता. तिथेच स्प्लिंट घडवायला लोहार आणि कातडं मढवायला कारागीर हाताशी असत. गोदीतले हमाल, खलाशी, बॉयलर बनवणारे कामगार त्याच्याकडे येत आणि रविवारी गरिबांना फुकट तपासलं जाई. मूर्ती लहान आणि काटकुळी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, अधू डोळ्यावर कललेली खलाशी टोपी आणि तोंडात कायम सिगारेट. कुठल्याच हॉस्पिटलात त्याला पद मिळालं नाही.

त्याचं वैद्यकीय मत एका वाक्यात मावतं: दुखऱ्या सांध्याला पूर्ण विश्रांती द्या, मधे खंड पडू देऊ नका, आणि घाई करू नका. गुडघ्याच्या क्षयाने लोक वर्षानुवर्षं खिळून राहत, तेव्हाचा हा काळ. थॉमसने ही चौकट मुख्यतः त्यांच्यासाठी घडवली आणि १८७५ साली छापलेल्या पुस्तकातून लोकांपुढे मांडली. पैसेवाला रोगी महिनोन्‌महिने अंथरुणात पडून राहू शकत होता. गोदीतल्या हमालाला ते परवडणारं नव्हतं. थॉमसच्या चालत्या रुग्णांसाठीच्या स्प्लिंटमध्ये गुडघा निश्चल राही आणि माणूस कुबड्या घेऊन हिंडू-फिरू शके.

थॉमस हयात असताना चौकटीला मान मिळाला नाही. तो मिळवून दिला त्याच्या बायकोच्या भाच्याने. रॉबर्ट जोन्स (१८५७–१९३३) शिकत असताना नेल्सन स्ट्रीटच्या घरातच राहिला. १८८८ मध्ये मँचेस्टर शिप कॅनॉलच्या बांधकामावर त्याची मुख्य सर्जन म्हणून नेमणूक झाली. सुमारे ५८ किलोमीटर लांबीच्या खोदकामावर हजारो मजूर, स्फोट, दरडी आणि वाघिणी. जोन्सने त्या पट्ट्यात प्रथमोपचाराच्या चौक्या आणि ३ हॉस्पिटलं अशी साखळी उभारली. जखमी माणूस मोडला तिथेच नीट बांधायचा आणि मग हलवायचा, हा धडा पुढे महायुद्धात त्याच्या कामी आला.

१९१४ साली युद्ध सुरू झालं तेव्हा मांडीला गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा लागलेल्या सैनिकाचा पाय लांब लाकडी फळीला बांधत, नाहीतर सरळ बंदुकीला. फळी पाय सरळ ठेवी, पण ताण धरत नसे. चिखलातून स्ट्रेचर, मग गाडी, मग आगगाडी. वाटेतच रक्त आणि त्राण दोन्ही संपत.

वाहतूक काय करू शकते हे मराठी पलटणींनी दुसऱ्याच आघाडीवर भोगलं. मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांतून खडकाळ वाटेने टायग्रिसच्या काठापर्यंत आणि तिथून खच्चून भरलेल्या बोटींतून बसऱ्याला आणलं गेलं. या हालअपेष्टांची चौकशी होऊन १९१७ साली मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला आणि लंडनमध्ये भारतमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. हाड मोडलेल्या माणसाला त्या गाड्यांतला प्रवास म्हणजे काय झाला असेल, हे वेगळं सांगायला नको.

पश्चिम आघाडीवर मात्र, ही चौकट वापरा हे जोन्सचं सांगणं ऐकलं गेलं. थॉमस स्प्लिंट खंदकांपर्यंत पोहोचला आणि त्याची कवायत ठरवली गेली. स्ट्रेचर उचलणारे शिपाई काही डॉक्टर नव्हते. म्हणून कामाचे क्रमांक पाडले आणि बंदूक साफ करण्याची पाडतात तशी हाताला सवय पाडली. डोळे बांधूनही सराव व्हायचा, कारण खरं काम रात्री, दिवा न लावता करायचं होतं.

ती कवायत जवळून बघण्यासारखी आहे. बूट काढायचा नाही आणि पँटही फाडायची नाही. एकाने टाच आणि पावलाचा वरचा भाग धरून सरळ रेषेत ओढायला लागायचं आणि शेवटची गाठ पडेपर्यंत ती ओढ सैल होऊ द्यायची नाही. दुसऱ्याने कडं बुटावरून वर सरकवत मांडीच्या मुळाशी नेऊन बसवायचं. ओढणाऱ्याने एक हात क्षणभर कड्याबाहेर घेऊन पुन्हा पकड घ्यायची, दुसरा हात सुटता कामा नये. मग बुटाला पट्टीचा फास, पट्टीची टोकं स्प्लिंटच्या खालच्या टोकाला. दोरीच्या दोन पदरांत काडी किंवा लांब खिळा घालून पीळ द्यायचा. कडब्याने भरलेल्या गाडीवरचा दोर आवळताना शेतकरी देतो तसा. पिळागणिक ताण वाढतो आणि पाय लांब होताना दिसतो. मग मांडीखाली, गुडघ्यामागे आणि पोटरीखाली कापडी झोळ्या, वरून पट्ट्या आणि शेवटी स्प्लिंटचं टोक स्ट्रेचरच्या आधाराला टांगायचं, म्हणजे टाच कशालाच टेकत नाही.

१९१७ च्या अर्रासच्या लढाईतली आकडेवारी हेन्री ग्रे या सर्जनने मांडली. मांडीचं हाड मोडलेल्या १००९ जखमींपैकी सुमारे १६ टक्के दगावले. युद्धाच्या सुरुवातीला हेच प्रमाण ८० टक्के होतं असं सांगतात आणि ८० वरून १६ वर आणण्याचं सगळं श्रेय एका चौकटीला देतात. ते तपासून घ्यायला हवं. सुरुवातीचा आकडा इतिहासकारांना पुरेसा भक्कम वाटत नाही. शिवाय मधल्या काळात बरंच काही बदललं होतं: मेलेलं मांस लवकर कापून काढणं, आघाडीजवळच शस्त्रक्रिया, उबदार पांघरुणं, रक्त देण्याची सुरुवात. पण शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत माणूस जिवंत पोहोचला तरच या उपायांचा उपयोग. चौकटीचा वाटा तिथे आहे, आणि तो लहान नाही.

वॉर्डात पोहोचल्यावर चौकटींचं दुसरं कूळ सुरू होतं. पलंगावर लाकडी तुळया उभारून त्यांना कप्प्या टांगायच्या, या मांडणीला बाल्कन फ्रेम म्हणतात. जर्मनीतल्या हाइनरिख ब्राउनने गुडघा वाकवून पाय उतरत्या आधारावर ठेवणारी चौकट केली आणि व्हिएन्नाच्या लोरेन्झ ब्योलरने तिला कप्प्यांची जोड दिली. तीच ब्योलर-ब्राउन चौकट आपल्याकडच्या हॉस्पिटलांतही वर्षानुवर्षं दिसत आली. चिकटपट्टीने कातडीवर पाच-सहा किलोंच्या वर ओढ देता येत नाही. कातडी सोलून निघते. श्टाइनमान या सर्जनने १९०७ साली हाडातून आरपार पिन घालायची वाट दाखवली आणि दोन वर्षांनी किर्शनरने त्याहून बारीक तार आणली. मग ओढ कातडीला न लावता थेट हाडाला लावता यायला लागली.

पिन घातली, वजन लावलं की डॉक्टरचं काम झालं असं घरच्यांना वाटतं. खरं काम तिथून पुढे सुरू होतं आणि ते नर्सच्या वाट्याला येतं. वजन अधांतरी लोंबत आहे ना, जमिनीला किंवा पलंगाच्या गजाला टेकलं नाही ना? दोरी कप्पीच्या खाचेतून सरकते ना? टाच मोकळी आहे ना? गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली एक नस हाडालगत, कातडीच्या अगदी जवळून जाते. तिथे दाब पडला तर पाऊल लुळं पडतं. म्हणून दर फेरीला ‘अंगठा वर करून दाखवा’ म्हणायचं. भेटायला आलेली मंडळी पलंगाच्या कडेवर बसतात, ती उठवायची. रुग्ण कण्हतोय म्हणून एखादी आई दया येऊन वजन हातावर तोलून धरते. तिला समजवायचं की, आई, याच वजनाने त्याचं दुखणं कमी होतंय. मोठ्या माणसाला हे सगळं १० ते १२ आठवडे. हाड जुळेपर्यंत पाठीला चट्टे, छातीत कफ, पोटऱ्यांत रक्ताच्या गुठळ्या या सगळ्यांशी झगडायचं.

दुसऱ्या महायुद्धात चौकट पुन्हा प्रवासाला निघाली. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जखमींना ट्रकने आणि बोटीने लांबवर न्यावं लागे आणि वाटेत पीळ सैल झाला तर आवळायला कोणी नसे. म्हणून जांघेपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालून ते थॉमस स्प्लिंटलाच पक्कं करण्याची रीत पडली. तिला तोब्रुक बंदराच्या नावावरून तोब्रुक स्प्लिंट म्हणतात. जून १९४२ मध्ये ते बंदर पडलं, तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन तिथे लढत होती.

त्याच सुमाराला या चौकटीचं राज्य संपवणारी गोष्टही घडत होती. १९३९ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात गेर्हार्ड क्युंचरने मोडलेल्या मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी सळई ठोकली. आजची रॉडची शस्त्रक्रिया तिच्याच वंशातली. तीन महिने टांगून ठेवावा लागणारा पाय काही दिवसांत कुबड्यांवर चालू लागला. लहान मुलं सोडली, तर ट्रॅक्शन हा आता बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियेची वाट पाहतानाचा उपाय उरला आहे.

म्हणजे चौकट पहिल्या महायुद्धात ज्या कामाला लागली होती, त्याच कामावर परत आली: मधल्या वाटेवर. आणि वाटेवरचं साधन कमी जागेत मावायला हवं. पहिल्या महायुद्धातच अमेरिकन सैन्याने केलर-ब्लेक नावाची आवृत्ती वापरली. तिचं कडं अर्धं आणि बिजागरीवर फिरणारं. म्हणून ती डाव्या-उजव्या कुठल्याही पायाला चाले आणि सपाट पडून एकावर एक रचता येई. पूर्ण कड्याच्या स्प्लिंटला मांडीच्या मापाचे निरनिराळे नग लागत, ती कटकट मिटली. १९६० च्या दशकात ग्लेन हेअरने तिला एकात एक सरकणाऱ्या नळ्या, टाच उचलणारा घडीचा पाया आणि दाते असलेली चरखी दिली. नंतर आलेल्या सेगर स्प्लिंटमध्ये जांघेतून जाणारा एकच दांडा आहे आणि किती ओढ लागली ते दाखवणारा काटाही. शरीराच्या वजनाचा दहावा हिस्सा, पण ७ किलोच्या आत, असा त्याचा हिशोब. पीळ देणाऱ्याच्या अंदाजावर जे चालायचं, ते आता मोजून होतं.

हे साधन प्रत्येक मोडक्या पायाला नाही. कमरेचं हाड मोडलं असेल तर कडं नेमकं तिथेच रेटेल. गुडघा किंवा घोटा दुखावला असेल तर ओढ त्याच सांध्यातून जाईल. मांडीचं हाड मधोमध मोडलेल्याला मात्र याच्याइतका स्वस्त आणि चटकन मिळणारा दिलासा दुसरा नाही. आणि तो द्यायला सर्जन लागत नाही. हाताला सवय असलेली दोन माणसं पुरतात. खंदकातल्या शिपायांनी डोळे बांधून ती सवय केली होती. आज घाटातल्या अपघातापासून जिल्हा रुग्णालयापर्यंतचा रस्ता तासा-दोन तासांचा असतो. गाडीत घडी घातलेली चौकट असूनही ती उघडायचा सराव कुणाला नसेल, तर जखमीच्या दृष्टीने ती गाडीत नसल्यातच जमा. स्प्लिंट विकत घेतल्याची पावती दप्तरी लागते. तो गेल्या महिन्यात किती वेळा उघडून बांधून बघितला, याचीही नोंद तिच्याशेजारीच असायला हवी.