फेब्रुवारीत मोजलेली माणसं

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याची लोकसंख्या किती, असं कुणी विचारलं तर सरकारी उत्तर तयार असतं: 3 लाख 85 हजार. भीमेपलीकडच्या दौंडची 3 लाख 80 हजार. दोन्ही आकडे 2011 च्या जनगणनेचे. 2021 ची झालीच नाही, त्यामुळे शिळ्या आकड्यांवरच गाडा चाललाय.

त्या जनगणनेत मी प्रगणक होतो. झेडपीचा शिक्षक म्हटल्यावर ते ओघानं आलंच. मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी, म्हणजे ऐन गळिताचा हंगाम. न्हावरा काय, पाटस काय, सगळीकडे बीड-नगरकडच्या ऊसतोड टोळ्या उतरलेल्या. मोजणीच्या सगळ्या काळात जो आपल्या घरी नसेल, त्याची नोंद तो सापडेल तिथं करायची, असा नियम. म्हणून दिवस मावळायला, फडावरनं माणसं परतली की आम्ही कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर जायचो. चुलीच्या धुरात डोळे चोळत फॉर्म भरायचा. वय विचारलं तर एक बाई म्हणाली, “बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, तवा मी झोळीत हुते.” मी 39 लिहिलं. हंगाम संपल्यावर ती गावी गेली असेल. कागदावर मात्र ती आजही शिरूरकर.

एमआयडीसीच्या पट्ट्यात गणित उलटं आहे. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर भागात मराठवाड्यातली, बिहार-यूपीची पोरं भाड्याच्या खोल्यांत राहतात. एका खोलीत चौघं. दोघं पाळीवर गेले की उरलेले दोघं झोपतात. त्यातले किती तरी 2011 नंतर आलेत, म्हणजे आकड्यात नाहीतच. पाणी, गटार, कचरा मात्र ग्रामपंचायतीच्या गळ्यात. कंपन्यांचा कर मिळतो, हे खरं. पण ग्रामपंचायतीचे सदस्य कायद्यानं 7 ते 17. लोकसंख्येनं साडेसात हजार ओलांडले की 17, पुढं गाव कितीही फुगो!

कारभाराच्या रेषा तर वेगळ्याच. सातबाऱ्यासाठी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), त्याच्यावर मंडल अधिकारी, मग तहसीलदार. घरकुलासाठी ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी), गटविकास अधिकारी, पंचायत समिती. नवखा माणूस या दोन कचेऱ्यांतच चपला झिजवतो. त्यात 2008 च्या पुनर्रचनेत तालुक्यातली पाबळ आणि टाकळी हाजी ही महसूल मंडळं आंबेगाव विधानसभेत गेली, आणि शिरूर मतदारसंघाला हवेलीचा तुकडा जोडला गेला. पाबळचा शेतकरी दाखल्याला शिरूरला येतो, मत देतो आंबेगावच्या आमदारासाठी. शिरूरच्या खासदाराकडे भोसरी आणि हडपसरही आहेत. तिथल्या गर्दीपुढं आमच्या घोडनदीकाठच्या वाडीचा आवाज केवढासा, हे निवडणुकीत कळतंच. दौंडचं त्याहून गमतीचं. इंग्रजांच्या काळात तो भीमथडी तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग होता आणि मुख्य कचेरी बारामतीला. आता तालुका स्वतंत्र आहे, लोकसभा मतदारसंघ मात्र बारामतीच.

नव्या जनगणनेचा संदर्भ दिवस 1 मार्च 2027 ठरलाय. म्हणजे पुन्हा हंगाम, पुन्हा कोप्या. मी निवृत्त झालोय, पण शाळेतल्या मास्तरांना सांगून ठेवलंय: कोपीवर दिवसा कुणी भेटणार नाही, आणि खोल्यांवर जायचं तर पाळी सुटायच्या वेळेला जा. दार वाजवून चौघांची नावं मागा. उघडणारा एकटाच असला तरी.