बिघडलेलं रिव्हॉल्वर लोहाराकडे नेऊ नका

एटापल्लीसारख्या गावात काहीही बिघडलं की ओळखीच्या लोहाराकडे, मिस्त्रीकडे न्यायची आपली सवय. परवान्याच्या जुन्या रिव्हॉल्वरबाबत ती अंगाशी येईल. सिलिंडर झिजून नळीच्या रेषेत नेमकं थांबलं नाही, तर गोळीचं शिसं बाजूला उडतं आणि शेजारी उभ्या माणसालाही लागू शकतं. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. बिनपरवाना दुरुस्तीला २०१९ पासून किमान सात वर्षं कैद, कमाल जन्मठेप! मदत करायला गेलेला बिचारा लोहारच अडकायचा. दुरुस्तीचा परवाना असलेल्या गन हाऊसमध्येच न्यावं. परवाना अब्बांच्या नावावर आणि त्यांना प्रवास झेपत नसेल, तर कलम ३ मुलाला नेऊ देतं; पण अब्बांची लेखी परवानगी सोबत हवी. नुसतं ‘मी त्यांचा मुलगा’ म्हणून भागत नाही.