कुड्याची लेणी: कारकून, माळी आणि भिक्षुणींनी उभारलेला विहार

हमरापुरात गणपतीच्या कारखान्यात अख्खे घर राबते. साच्यातून मूर्ती काढणारा वेगळा, रंग भरणारा वेगळा, आणि डोळ्यांची आखणी करणारा तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच. घरच्या बायका-मुलीही त्यात असतात, पण नाव लागते ते कारखान्याच्या मालकाचे. याच रायगड जिल्ह्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक विहार असा आहे, जिथे मुलींचीही नावे दगडावर कोरलेली आहेत.

पेण, नागोठणे, कोलाड करत इंदापूरला यायचे आणि तळा गावावरून मांदाडचा रस्ता धरायचा. राजपुरीच्या खाडीकडे पाहणाऱ्या डोंगरात कुड्याची लेणी आहेत: एकूण २६, खालच्या ओळीत १५ आणि वर ११. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात चौलनंतर मांदागोरा बंदराचे नाव येते. ते म्हणजे हे मांदाडच, असे बरेच अभ्यासक मानतात. बंदर म्हटले की व्यापारी आले, आणि व्यापाऱ्यांच्या दानावर विहार जगले.

बहुतेक लेण्यांची रचना साधी आहे. पुढे ओसरी, मागे खोली, झोपायला दगडी ओटा. जवळच खडकात खोदलेले पाण्याचे टाके. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरायचे नाही, एका ठिकाणी राहायचे, हा वर्षावासाचा नियम. कोकणातला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला या नियमाची गरज सांगावी लागत नाही. इजिप्तमध्ये संत पाखोमियसने ख्रिस्ती साधूंना एका मठात राहायची शिस्त लावली ती चौथ्या शतकात. तोवर कुड्याच्या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या भिक्खू राहून गेले होते.

या भागावर तेव्हा मांदव घराण्यातल्या महाभोजांची सत्ता होती. पण पहिले लेणे राजाने कोरवलेले नाही. महाभोज खंदपालिताच्या पदरी असलेल्या शिवभूती नावाच्या लेखकाचे ते दान आहे. लेखक म्हणजे दरबारचा लिहिणारा, आजच्या भाषेत कारकून. सहावे लेणे त्याच्या धाकट्या भावाचे, शिवमाचे. इथे मात्र सावकाश थांबावे. दर्शनी भागात दगडी हत्ती आहेत, आत स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत, गाभाऱ्यात स्तूप आहे. लेखात शिवमाच्या जोडीला बायको विजया आहे, मुलगे आहेत, आणि खांबांचे दान मुलींच्या नावे आहे: सपा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता. खांबाशी उभे राहून ही नावे मोठ्याने वाचावीत. त्या काळातल्या किती राण्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? एका कारकुनाच्या चार मुलींची आहेत.

बाकीचे दातेही असेच. सोमदेव नावाचा वैद्य. एक माळी. कऱ्हाडहून आलेला महिक हा लोखंडाचा व्यापारी. घाट उतरून इतक्या लांब आलेल्या या माणसाने आपल्या गावाचे नाव लेखात आवर्जून घातले. अयितिलु नावाच्या ब्राह्मण उपासकाची बायको भयिला हिने चैत्यगृह दिले. आणि पदुमनिका ही भिक्षुणी. तिची आई नागनिकाही भिक्षुणीच. पदुमनिकेने बोधी आणि आसाळ्हमिता या आपल्या शिष्यांसह लेणे दिले. घर सोडलेल्या बाईने लेणे कोरवण्याइतका पैसा कसा जमवला असेल, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. भिक्षुणी म्हणजे निव्वळ भिक्षेवर जगणारी, हा आपला समज त्याने हलतो.

पुढे पाचव्या-सहाव्या शतकांत सहाव्या लेण्यातच बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या, त्यांच्याही दात्यांचे लेख आहेत. म्हणजे विहार तेव्हाही नांदता होता. आज ही लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. जाल तर पावसाळा उलटल्यावर जा आणि बॅटरी जवळ ठेवा. तिचा झोत समोरून नको, भिंतीला लागून तिरका धरायचा. मग झिजलेल्या अक्षरांच्या कडा सावलीने उठून दिसतात आणि ब्राह्मी लिपी थोडीशी येत असली तरी ओळ लागते.