मंगळावर माणूस जाईल का? जाण्यापेक्षा परतीचा प्रश्न मोठा

मागच्या पालकसभेला आठवीतल्या एका मुलाची अम्मी हातात एक कागद घेऊन आली. नेट कॅफेतून काढलेली रंगीत प्रिंट होती. वर 'बोर्डिंग पास', खाली मुलाचं नाव, आणि प्रवास पृथ्वी ते मंगळ. म्हणाली, "मॅडम, ये सच में जाएगा क्या? मोहल्ले में सबको बोलता फिर रहा है." मला हसू आलं, पण तिला येत नव्हतं. मोठा मुलगा कामासाठी नागपूरला गेलेला, आणि आता हा धाकटा मंगळाची भाषा करतोय.

कागद खोटा नव्हता. अमेरिकेची नासा लोकांकडून नावं मागवते आणि ती एका छोट्या चिपवर कोरून यानासोबत पाठवते. ३० जुलै २०२० ला निघालेल्या पर्सिव्हरन्स यानासोबत जगभरातली सुमारे १ कोटी ९ लाख नावं अशीच गेली. पैसे लागत नाहीत. मुलांना गोडी लागावी म्हणून केलेली ही गोष्ट आहे. नाव जातं, माणूस जात नाही. एवढं सांगितल्यावर अम्मीचा जीव भांड्यात पडला. मुलाचा मात्र पडला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याने हात वर केला: "मॅडम, नाव जाते तर माणूस काऊन नाही जात?"

प्रश्न बरोबर होता. त्या तासाला भूगोल बाजूला ठेवला.

सुरुवात आपल्या सालेकसा स्टेशनपासून केली. पूर्वी राकेश शर्मा १९८४ मध्ये अंतराळात गेले आणि जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आले. ते स्थानक आपल्या डोक्यावर साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं. म्हणजे आपल्या स्टेशनावरून रेल्वेने अकोला जेवढं लांब, जवळपास तेवढंच. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. आणि मंगळ? सगळ्यात जवळ येतो तेव्हा सुमारे साडेपाच कोटी किलोमीटर, लांब जातो तेव्हा ४० कोटी. ताशी ६० किलोमीटरने न थांबता चालणारी गाडी धरा, असं सांगून मुलांना फळ्यावर भागाकार करायला लावला. चंद्राला पोहोचायला जवळजवळ नऊ महिने लागले. मंगळाला, तो सगळ्यात जवळ असताना, शंभराहून जास्त वर्षं. वर्ग गप्प झाला.

यान अर्थातच पॅसेंजर गाडीपेक्षा खूप वेगाने जातं. पण ते सरळ रेषेत जात नाही. पृथ्वी आणि मंगळ दोघंही सूर्याभोवती फिरत असतात, म्हणून मंगळ आज जिथे आहे तिथे नव्हे, तर काही महिन्यांनी जिथे असेल तिथे नेम धरावा लागतो. ही जुळणी साधारण २६ महिन्यांतून एकदा होते. गाडी चुकली की दुसरी सव्वादोन वर्षांनी. आपल्या मंगळयानाने हेच केलं. ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोट्याहून ते उडालं, जवळजवळ महिनाभर पृथ्वीभोवतीच घिरट्या घालत वेग वाढवला आणि मग मंगळाची वाट धरली. २४ सप्टेंबर २०१४ ला पोहोचलं. खर्च सुमारे ४५० कोटी. यात महाराष्ट्राचाही हात आहे बरं का. ज्या पीएसएलव्ही रॉकेटवरून ते गेलं, त्याच्या मोटारींचे भाग पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात बनतात आणि इस्रोच्या रॉकेटची इंजिनं मुंबईच्या विक्रोळीत गोदरेजकडे तयार होतात. आमच्या मुलांना वाटतं हे सगळं अमेरिकेतच होतं, म्हणून मुद्दाम सांगते.

मंगळयानाचं वजन उडताना १३३७ किलो होतं, त्यात ८५२ किलो नुसतं इंधन. ते मंगळावर उतरलं नाही, भोवती फिरत राहिलं. त्याला जेवण नको होतं, श्वास नको होता, आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला परत यायचं नव्हतं. माणूस पाठवायचा म्हटलं की या तिन्ही गोष्टी लागतात.

जेवणाचा हिशेब आपल्या भागातल्या माणसाला लगेच कळेल. जायला सात महिने, परतीची जुळणी होईपर्यंत तिथे दीड वर्षाच्या आसपास मुक्काम, यायला सात महिने. मिळून जवळपास ९०० दिवस. एका माणसाला पॅकिंगसह रोज १.८ किलोच्या आसपास अन्न धरलं तर चार माणसांचं अन्न होतं जवळजवळ ६५ क्विंटल. धान मोजणाऱ्यांना सांगायला नको हा ढीग केवढा असतो. पाणी वेगळंच. त्यात एक चांगली गोष्ट म्हणजे अंतराळ स्थानकात घाम, लघवी, श्वासातली वाफ शुद्ध करून आता ९८ टक्के पाणी पुन्हा वापरता येतं. पण ते यंत्र बिघडलं तर तिथे खालून पार्ट पाठवता येतो. मंगळाच्या वाटेवर कोण पाठवणार?

शरीराचं काय होतं, हे तर आपण टीव्हीवर पाहिलं. सुनीता विल्यम्स आठवड्याभरासाठी म्हणून गेल्या आणि २८६ दिवसांनी, मार्च २०२५ मध्ये परतल्या. यानातून बाहेर काढल्यावर त्यांना स्ट्रेचरवर नेलं. वजनरहित अवस्थेत कंबरेच्या हाडांची घनता व्यायाम नसेल तर महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते, म्हणून ते लोक रोज दोन-दोन तास व्यायाम करतात. इथे उचलायला डॉक्टर उभे होते. मंगळावर सात महिन्यांनी दार उघडल्यावर कोणी उभं नसेल. गुरुत्वाकर्षण तिथे आपल्या ३८ टक्के आहे, एवढाच दिलासा.

त्याहून अवघड आहे ती किरणं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि जाड हवा आपल्याला अंतराळातल्या घातक किरणांपासून झाकून ठेवते. क्युरिऑसिटी यानाने मंगळाकडे जाताना मोजमाप केलं, तेव्हा नुसत्या जाण्या-येण्याच्या प्रवासात माणसाला सुमारे ६६० मिलिसीव्हर्ट इतका मारा बसेल असं निघालं. छातीच्या एका एक्स-रेला ०.१ मिलिसीव्हर्टच्या आसपास धरा आणि गुणाकार स्वतः करा. नासाने आपल्या अंतराळवीरांना पूर्ण नोकरीभरासाठी घातलेली मर्यादाच ६०० आहे.

समजा पोहोचलो. उतरायचं कसं? मंगळावरची हवा आपल्या एक टक्क्याहूनही विरळ, त्यातही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. एवढ्या विरळ हवेत नुसत्या पॅराशूटने जड यान पुरेसं थोपत नाही, आणि हवा थोडी आहे म्हणून यान तापतं मात्र. आजवर तिथे नीट उतरवलेली सगळ्यात जड गाडी म्हणजे तोच पर्सिव्हरन्स रोव्हर, एक टनाच्या थोडा वर. माणसांसाठी एका वेळी वीसेक टन उतरवावे लागतील. काही चुकलं तर विचारायला फोन लावता येणार नाही, कारण संदेश एका बाजूने पोहोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात.

आता परतीचं बघू. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे, आणि रील्समध्ये हीच कोणी दाखवत नाही. चार माणसांना मंगळावरून वर उचलायला सुमारे ७ टन इंधन आणि ते जाळायला २५ टन ऑक्सिजन लागेल, असा नासाचा अंदाज आहे. एवढं ओझं इथून नेणं परवडत नाही, म्हणून तिथल्याच हवेतून ऑक्सिजन काढता येतो का, हे पर्सिव्हरन्सवरच्या मॉक्सी नावाच्या यंत्राने करून पाहिलं. आणि काढता आला! २०२१ ते २०२३ मध्ये १६ वेळा चालवून १२२ ग्रॅम. दुसऱ्या ग्रहावर माणसाने तयार केलेला हा पहिला प्राणवायू, ही छोटी गोष्ट नाही. पण एका माणसाला दिवसाला ८४० ग्रॅमच्या आसपास लागतो, म्हणजे १२२ ग्रॅम साडेतीन तासांत संपतील. मॉक्सीचा सगळ्यात चांगला वेग तासाला १२ ग्रॅम होता. त्या वेगाने २५ टन जमा करायला किती वेळ लागेल, हे मुलांनी काढलं: २३७ वर्षं. यंत्र शेकडो पट मोठं करावं लागेल, वीज त्याच मापात, आणि हे सगळं माणसं निघायच्या आधी तिथे चालू होऊन टाकी भरलेली हवी.

ज्यांना हे जमत नव्हतं त्यांनी सोपी वाट काढली: परत आणायचंच नाही. २०१३ मध्ये मार्स वन नावाच्या डच कंपनीने एकतर्फी प्रवासासाठी अर्ज मागवले, अर्जाला फी होती. दोन लाखांहून जास्त लोक तयार असल्याचं कंपनी सांगत होती. २०१५ मध्ये शंभर नावं निवडली, त्यात तीन भारतीय होते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१४ मध्येच या योजनेचा हिशेब तपासून सांगितलं होतं की ६८ दिवसांच्या आसपास पहिला माणूस गुदमरून मरेल. २०१९ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, कोणी कुठे गेलं नाही.

याच मार्स वनवर फेब्रुवारी २०१४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या इस्लामी व्यवहार आणि औकाफ विभागाने फतवा दिला होता. जिथून जिवंत परतण्याची शक्यता नाही अशा प्रवासाला निघणं म्हणजे स्वतःचा जीव घेण्यासारखं, म्हणून नाजायज, असा त्याचा मथितार्थ होता. तेव्हा 'मुसलमानांना मंगळबंदी' अशी थट्टा झाली. आपल्यातलेही काही जण शरमले होते, मला आठवतं. पण त्याच देशाने त्याच वर्षी जुलैमध्ये स्वतःची मंगळ मोहीम जाहीर केली आणि त्यांचं 'अल अमल' यान ९ फेब्रुवारी २०२१ ला मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. अमिरातीचे सुलतान अल नयादी २०२३ मध्ये सहा महिने अंतराळात राहून सुखरूप परतले. आक्षेप मंगळाला नव्हताच, परतीचं तिकीट नसण्याला होता. एमआयटीचा हिशेब आणि हा फतवा, दोघांनी वेगळ्या भाषेत एकच शंका काढली.

अंतराळात इबादतीचं काय, हा प्रश्न तर आधीच सुटलाय. सौदीचे सुलतान बिन सलमान १९८५ मध्ये गेले. मलेशियाचे शेख मुस्झफर ऑक्टोबर २००७ मध्ये रमजानच्या शेवटच्या दिवसांत गेले, ईद वरच केली. स्थानक दिवसात १६ वेळा पृथ्वीला फेरी मारतं, मग नमाजची वेळ कोणती? मलेशियाच्या उलेमांनी ठरवलं: जिथून उडालात तिथली. किबला शक्य असेल तर काबा, नाहीतर पृथ्वीची दिशा, तेही नाही तर जमेल तशी. मुसाफिर असल्याने रोजा नंतर ठेवायची सवलत. मंगळावर दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, म्हणजे पाच वक्त सहज बसतील. पण तिथे चंद्र दोन, त्यातला एक साडेसात तासांत ग्रहाला फेरी मारतो!

मग माणूस जाईल का? इलॉन मस्क यांनी २०१७ मध्ये सांगितलं होतं की २०२४ ला माणसं निघतील. २०२४ येऊन गेलं. डिसेंबर १९७२ नंतर चंद्रावरसुद्धा कोणी पाऊल ठेवलेलं नाही, आणि तो तीन दिवसांवर आहे. माझं मत विचाराल तर चार-सहा माणसं जाऊन, थोडं राहून परत येणं शक्य आहे. निसर्गाचा कुठलाच नियम आड येत नाही. आड येतं ते वजन, किरणं, पैसा आणि टाकीतला ऑक्सिजन. हे आमच्या आठवीच्या वर्गाच्या हयातीत होऊ शकेल. तिथे शहर वसवून लेकराबाळांसह राहणं हे मात्र मला पटत नाही. अंटार्क्टिकात श्वास घ्यायला हवा आहे, प्यायला बर्फ आहे, बोटीने परतता येतं, तरी तिथे कोणी कायमचा संसार थाटला नाही.

बोर्डिंग पासवाल्या मुलाने वहीत सगळे आकडे उतरवून घेतले. घंटा वाजल्यावर टेबलाजवळ आला आणि विचारलं, "मॅडम, तो मॉक्सी मोठा करायला काय शिकावं लागते?" मी म्हटलं, केमिस्ट्री, आणि त्याआधी तुझे दशांश अपूर्णांक, कारण २३७ च्या जागी तू २३.७ लिहिलंयस.