वाटण्या मिशनांच्या, प्रार्थना आपली

नाशिकच्या नावाचे दोन ख्रिस्ती धर्मप्रांत आहेत. एक १९२९ सालचा. मूळचा अँग्लिकन, आज उत्तर भारतीय चर्चचा. दुसरा कॅथलिक, १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा काढलेला. दोन्हीकडची माणसे एकाच बाजारात भेटतात, एकमेकांच्या लग्नाला, मयताला जातात. प्रभुभोजनाला मात्र वाटा वेगळ्या होतात.

महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंटांमधले भेद तर बरेचसे परक्यांनी आखून दिलेले. नाशिकच्या शरणपुरात इंग्लंडची चर्च मिशनरी सोसायटी, अहमदनगरला अमेरिकन काँग्रिगेशनल, कोल्हापूरला अमेरिकन प्रेसबिटेरियन, जालन्याला स्कॉटिश. आपण कोणत्या पंथाचे, हे अनेक घराण्यांच्या बाबतीत आजोबांच्या गावाने ठरवले, श्रद्धेने नव्हे. हे ध्यानात घेतले की पंथाभिमानाची धार आपोआप बोथट होते.

कवी नारायण वामन टिळकांनी हे फार आधी ओळखले होते. मिशनची नोकरी सोडून त्यांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, सर्वच ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि तो प्रयोग फार वाढला नाही. त्यांची भजने मात्र पंथांच्या भिंती ओलांडून गेली. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेकीने, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, त्यांचे अपुरे काव्य ‘ख्रिस्तायन’ पुढे पूर्ण केले.

मंडळ्यांचे प्रत्यक्ष ऐक्य घडायला मात्र चिकाटी लागली. १९२९ साली लखनौला बोलणी सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय चर्च झाले. खरा पेच बाप्तिस्म्याचा होता. अँग्लिकन तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत. बाप्टिस्ट आणि ब्रदरन म्हणत, विश्वास स्वतः कबूल केल्यावरच पाण्यात उतरावे. कोणालाही नमवण्यात आले नाही, दोन्ही रीती मान्य झाल्या. पाळकपदाचा प्रश्नही असाच सुटला: सर्वांनी प्रार्थनापूर्वक एकमेकांवर हात ठेवले. तुमची सेवा अपुरी होती, असे कोणी कोणाला म्हणायचे नाही, हा त्यामागचा भाव. मला तो फार मोठा वाटतो. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, याचे दुःखही तितकेच खरे.

कॅथलिकांशी अंतर अधिक आहे. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्याचा हुकूमनामा काढला, तेव्हापासून एकत्र प्रार्थनेची दारे उघडली. पोपचा अधिकार, मरियेची भक्ती, प्रभुभोजन हे मतभेद खरे आहेत आणि ते झाकून ठेवणे म्हणजे संवाद नव्हे. समोरच्याची श्रद्धा त्याच्याच तोंडून ऐकावी, मग आपले म्हणणे मांडावे.

ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह १९०८ पासून पाळला जातो, १८ ते २५ जानेवारी. नाशिककरांनो, येत्या जानेवारीत एक संध्याकाळ आपल्या नव्हे, शेजारच्या मंडळीच्या बाकावर बसा आणि त्यांच्या पाळकांसाठी, फादरांसाठी नाव घेऊन प्रार्थना करा.