इंग्लंडात खाजगी टेलिव्हिजन कसे आले

करमणूक फुकट नसते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. तमाशाला तिकीट काढावे लागते, कीर्तनकार बुवांच्या आरतीच्या ताटात नाणे टाकावे लागते. मग हवेतून घरात येणाऱ्या कार्यक्रमांचे पैसे भरतो कोण? आणि जो भरतो त्याचीच मर्जी कार्यक्रमांवर चालते काय? या प्रश्नावरून इंग्लंडात एकदा मोठे रण माजले होते. त्यातून निघालेला तोडगा समजून घेण्याजोगा आहे.

तेथे १९३६ साली बी.बी.सी.ने टेलिव्हिजन सुरू केले. महायुद्धात ते बंद पडले आणि १९४६ साली पुन्हा चालू झाले. ज्याच्या घरी यंत्र असेल त्याने परवान्याची फी भरायची आणि त्या पैशांवर कार्यक्रम चालायचे, अशी रीत होती. जाहिरातीचे नाव नाही. पण दुसरे केंद्रही नाही! १९५१ साली हुजूर पक्ष सत्तेवर आला. त्यातली काही मंडळी विचारू लागली, की वर्तमानपत्रे जर अनेक असतात, तर टेलिव्हिजनचा मक्ता एकाच संस्थेकडे का बरे?

झाले, वादळ उठले! बी.बी.सी.चे आद्य सूत्रधार लॉर्ड रीथ यांनी १९५२ साली उमरावांच्या सभागृहात या कल्पनेला देवी आणि प्लेग यांच्या पंक्तीला बसवले. पुढच्याच वर्षी विरोधकांना आयते हत्यार मिळाले. राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची दृश्ये अमेरिकेतील एका खाजगी कंपनीने ज्या कार्यक्रमात दाखवली, त्यातच जे. फ्रेड मग्ज नावाचा चिंपांझीही झळकला. जाहिरातीच्या पैशाने हेच व्हायचे, असे लोक म्हणू लागले.

अखेर १९५४ साली कायदा झाला, तो मोठ्या हिशेबाने. समजा, घर एकाचे आहे आणि भाडेकरू दुसरा आहे. भाडेकरूने संसार आपल्या मनासारखा करावा. पण भिंत पाडायची तर मालकाला विचारले पाहिजे. तसेच येथे झाले. इंडिपेंडंट टेलिव्हिजन ऑथॉरिटी नावाचे सार्वजनिक मंडळ नेमले गेले आणि कलेतिहासाचे जाणकार सर केनेथ क्लार्क त्याचे अध्यक्ष झाले. प्रक्षेपणाचे मनोरे मंडळाच्या मालकीचे. कंपन्यांनी भाडे भरावे आणि कार्यक्रम करावेत. शिवाय एकाच कंपनीच्या हाती सारा देश दिला नाही. लंडनमध्ये सोमवार ते शुक्रवार एक कंपनी, तर शनिवार-रविवार दुसरी.

जाहिरातीचे काय? ती तासाला सरासरी सहा मिनिटे. मुख्य अट पुढेच आहे. जाहिरातदाराने वेळ विकत घ्यावी, कार्यक्रम नव्हे. वर्तमानपत्रात साबणाची जाहिरात देणारा व्यापारी काही अग्रलेख लिहीत नाही ना? तोच न्याय.

२२ सप्टेंबर १९५५ रोजी लंडनमध्ये नवे केंद्र सुरू झाले. पहिली जाहिरात लागली ती दात घासण्याच्या पेस्टची! बी.बी.सी.ही स्वस्थ बसली नव्हती. नभोवाणीवरील ‘द आर्चर्स’ या खेड्यातल्या कुटुंबाच्या लोकप्रिय मालिकेत नेमकी त्याच रात्री ग्रेस आर्चर ही तरुण सून आगीत सापडून मेली. दुसऱ्या दिवशी जिकडेतिकडे चर्चा तिचीच.

आता आपणांस वाटेल, की कंपन्यांकडे पैशांचा पाऊस पडला असेल. छे! जुन्या यंत्रांवर नवे केंद्र दिसतच नव्हते. त्यासाठी वेगळी जोडणी आणि नवी एरियल बसवावी लागे. प्रेक्षक थोडे, म्हणून जाहिराती थोड्या. तोटा पाहून एका मोठ्या वृत्तपत्रसंस्थेने १९५६ साली आपला बहुतेक हिस्सा विकून टाकला. पण ज्यांनी दम धरला त्यांचे दैव उघडले. रोख बक्षिसांच्या प्रश्नमंजूषांनी घरे भरून गेली. स्कॉटलंडचा परवाना मिळालेले रॉय थॉमसन तर म्हणाले, की हा नोटा छापण्याचाच परवाना आहे!

सगळेच हिणकस होते असे मात्र नव्हे. ग्रॅनाडा कंपनीने १९५८ साली रॉचडेलची पोटनिवडणूक पडद्यावर आणली. ब्रिटिश टेलिव्हिजनवर असे पूर्वी झाले नव्हते. त्याच कंपनीने १९६० साली कामगारवस्तीतील साध्या माणसांची ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका सुरू केली. ती आजही चालू आहे.

तरीही १९६२ साली पिल्किंग्टन समितीने या केंद्रांवर कडक ताशेरे ओढले. तिसरी वाहिनी बी.बी.सी.ला मिळाली आणि १९६३च्या कायद्याने कंपन्यांच्या जाहिरात-उत्पन्नावर खास पट्टी बसली. मनोरे हाती होते, म्हणून लगामही हाती होता. ही जुनी व्यवस्था १९९०च्या कायद्याने मोडली, पण तोवर तिने पस्तीस वर्षे काम दिले.

आपल्याकडे क्रम उलटा झाला. १९९२ साली झी टीव्हीचे कार्यक्रम परदेशी उपग्रहावरून आपल्या घरात उतरले. केबलचा कायदा आला तो १९९५ साली. तेथे आधी कुंपण घातले, मग गुरे सोडली. येथे गुरे आधी आली आणि कुंपणाची आठवण मागाहून झाली. खाजगी मालक वाईटच असतो असे नाही. पण मालकाला नफा पाहिजे आणि आपणांस घरात चांगले काही यावे असे वाटते. या दोहोंची सांगड आपोआप पडत नाही. ती कोणीतरी घालावी लागते.